पुढील आदेशापर्यंत : हद्दीच्या भांडणात नर्सबाईला कळलेल्या दहा गोष्टी

नोकरीत सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य ऐकलं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : "हे आमच्याकडे येत नाही."

१९८६ साली मी जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका म्हणून लागले आणि २०२२ साली आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. गावाला या पदनामांशी देणंघेणं नव्हतं. गावाच्या लेखी मी आधी नर्सबाई होते, केस पिकल्यावर मोठ्या नर्सबाई झाले. मराठवाड्यातला आमचा तालुका नवा. कचेरी, पंचायत समिती, बसस्टँड तालुक्याच्या गावी, म्हणजे आमच्या गावी आलं, पण तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय राहिलं चौदा किलोमीटरवरच्या जुन्या बाजारगावी. आमच्याकडे होतं ते प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेचं. मग २०१५ साली गावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. गुलाल उधळला, सतरा वॉर्ड पडले, पाटी बदलली. पेढा मीही खाल्ला. आपला दवाखाना त्या दिवसापासून दुसऱ्याच्या अंगणात उभा आहे, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढची सात वर्षं कोणती सेवा कुणी द्यायची यावरून जी पत्रापत्री झाली, तिची आवक-जावक माझ्या हातून गेली. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. माझ्या जागी आज ज्या पोरी काम करतायत त्यांच्यासाठी, आणि जे नगरसेवक, सरपंच होतील त्यांच्यासाठीही.

१. पेशंटला खातं नसतं

बाजारचा दिवस. सात वर्षांच्या पोराच्या पोटरीला कुत्रा चावला. बाप आधी नगरपंचायतीत गेला, कारण मोकाट कुत्री त्यांची. तिथल्या बाबूने सांगितलं, कुत्री आमची असतील, पण लस दवाखान्याची. दवाखान्यात त्या आठवड्यात लस संपलेली. औषधाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ग्रामीण रुग्णालयात जा. तिथे विचारलं, तुमच्या पीएचसीने का दिली नाही, त्यांची चिठ्ठी आणा. चिठ्ठीसाठी बापलेक परत आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

मी पोराची विजार वर केली. जखमेवर मिरचीची पूड भरलेली होती. तीन कचेऱ्यांमधून पोर फिरून आलं, पण जखम कुणी धुतली नव्हती. कुत्रा चावल्यावरचा पहिला उपचार म्हणजे साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. त्याला लस लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, हद्द लागत नाही. मी त्याला नळाखाली बसवलं, जखम धुतली, चिठ्ठी लिहिली आणि आमच्याच गाडीतून पाठवलं. लसीचे चारही दिवस, पहिल्या डोसचा आणि त्यानंतरचा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, बापाच्या हातावर पेनाने लिहून दिले, कारण कागद हरवतो.

गावकऱ्याला 'सरकारी दवाखाना' एकच असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, गटार आणि कुत्री मुख्याधिकाऱ्यांच्या, हे आपल्याला पाठ असतं. त्याला ते पाठ करायला लावू नये. ज्याच्या दारात माणूस पहिल्यांदा येईल त्याने पहिलं काम करावं आणि पुढे कुठे, कुणाकडे ते लिहून द्यावं. पुढच्या महिन्यात मी नगरपंचायतीच्या नळापाशी साबणाची वडी ठेवली आणि वर पाटी लावली. वडी तीनदा चोरीला गेली, तरी चौथी ठेवली.

२. भांडण तत्त्वाचं वाटलं तरी आधी मीटर बघा

मे महिना. वायरमनने शिडी खांबाला टेकवली आणि आत येऊन म्हणाला, "बाई, लाईट कट करायची ऑर्डर आहे. आधी करू का पाणी पिऊन करू?"

मी त्याला पाणी दिलं आणि बिल बघितलं. ग्राहकाचं नाव : सरपंच, ग्रामपंचायत. आता सरपंच नव्हता आणि ग्रामपंचायतही नव्हती. दवाखाना कधीकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत सुरू झाला होता, तेव्हा मीटर त्यांच्या नावाने घेतलेलं. नवी इमारत झाली, तारा इकडे ओढल्या, नाव तेच राहिलं. नगरपंचायत म्हणे, इमारत जिल्हा परिषदेची, बिल त्यांनी भरावं. जिल्हा परिषद म्हणे, जोडणी ग्रामपंचायतीची, ग्रामपंचायतीचे वारस तुम्ही. सत्तावीस हजारांच्या थकबाकीवर अकरा पत्रं झाली होती. पैकी तीन पत्रांत 'घटनात्मक जबाबदारी' असा शब्द होता.

आत लसीचा फ्रीज होता, ज्याला आम्ही आयएलआर म्हणतो. पोलिओपासून गोवरपर्यंतची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचं. औषध निर्माण अधिकाऱ्याने झाकणावर चिकटपट्टी मारून लिहिलं, 'कुणी हात लावू नये', कारण झाकण उघडलं नाही तर तो फ्रीज विजेशिवायही बराच वेळ थंडी धरून ठेवतो. संध्याकाळपर्यंत वीज आली नाही तेव्हा लस कोल्ड बॉक्समध्ये भरून आम्ही बाजारगावी नेली. तिथे प्रश्न निघाला : दुसऱ्या खात्याचा साठा आमच्या फ्रीजमध्ये कोणत्या नोंदीने ठेवायचा? शेवटी तिथल्या सिस्टरने, जी ट्रेनिंगला माझ्यासोबत होती, नोंद न करता ठेवून घेतला.

बिल चौथ्या दिवशी रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून भरलं. घटनेतलं एकही कलम वाचावं लागलं नाही. मीटरवरचं नाव बदलायला मात्र एक अर्ज, दोन ना-हरकत आणि सात महिने लागले. तेव्हापासून नव्या जागी गेले की मी आधी तीन गोष्टी विचारते : मीटर कुणाच्या नावावर, नळ कुणाच्या नावावर, जागा कुणाच्या नावावर.

३. समोरचा साहेब दुष्ट नसतो, ऑडिटला भ्यालेला असतो

हे कळायला मला जवळपास तीस वर्षं लागली. तोवर मला वाटायचं, अधिकाऱ्यांना कामच करायचं नसतं. मग एकदा आमचे वैद्यकीय अधिकारी आणि नगरपंचायतीचे मुख्याधिकारी दवाखान्याच्या ओट्यावर चहा पीत होते. दोघेही तरुण, दोघेही बरे. दोघांनी वेगवेगळ्या तोंडाने एकच वाक्य म्हटलं : "मला करायला काही हरकत नाही हो, पण उद्या ऑडिटला काय उत्तर देऊ?"

भीती खोटी नव्हती. आमच्याच एका सहकाऱ्याने साथीच्या वेळी जिल्हा परिषदेची गाडी शेजारच्या नगरपरिषदेच्या हद्दीत नेली. लॉगबुकात प्रामाणिकपणे लिहिलं. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात मुद्दा निघाला, 'हद्दीबाहेरील प्रवास', आणि डिझेलचे अठराशे रुपये वसूल करायचा शेरा पडला. माणूस तोवर निवृत्त झालेला. अठराशे रुपयांसाठी त्याची पेन्शनची फाईल चार महिने अडली. ही गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला तोंडपाठ आहे. पुढचा ड्रायव्हर हद्दीच्या दगडापाशी गाडी थांबवतो, त्याचं मूळ त्या शेऱ्यात आहे.

वर कायद्यातही मोकळी जागा आहे. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा विषय घटनेच्या राज्यसूचीत. १९९३ साली ७३वी आणि ७४वी दुरुस्ती लागू झाली, तेव्हा अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले, त्यांत आरोग्य आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आले, त्यांतही सार्वजनिक आरोग्य आहे. यातलं काय आणि किती सोपवायचं हे राज्यावर ठेवलं. म्हणजे राज्य, जिल्हा परिषद आणि नगरपंचायत, तिघांकडेही बोट दाखवायला कायदा आहे.

म्हणून मी 'काम करा' अशी विनंती करणं सोडलं आणि 'तुम्हाला कोणता कागद मिळाला तर तुम्ही कराल?' असं विचारू लागले. दहापैकी सात साहेबांनी लगेच सांगितलं. उरलेल्या तिघांना खरंच काम करायचं नव्हतं, पण निदान ते कोण आहेत हे कळलं.

४. बैठकीला वॉलमनला बोलवा

जुलैत पेठ गल्लीत काविळीचे नऊ पेशंट निघाले. ग्रामपंचायत असती तर रीत ठरलेली होती : आरोग्य खातं स्रोतांची पाहणी करतं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर तपासतं, आणि पाणी बाधण्याचा धोका दिसला तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड देतं. हिरवं कार्ड मिळावं म्हणून सरपंच धडपडतात. पण कार्डाची पद्धत ग्रामपंचायतींची. नगरपंचायतीला आम्ही कोणतं कार्ड देणार?

तहसीलला बैठक झाली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी प्रयोगशाळेचा अहवाल टेबलावर ठेवला : 'पिण्यास योग्य'. मी ओटी टेस्टची वही ठेवली. सकाळी पेठ गल्लीच्या शेवटच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकले होते. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. ते पांढरंच राहिलं. साहेब म्हणाले, आमचा नमुना टाकीचा आहे. मी म्हटलं, लोक टाकीला तोंड लावून पाणी पीत नाहीत. शिवाय काविळीची लागण होऊन ती डोळ्यांत दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिने जाऊ शकतात. आजच्या पाण्याचा चांगला अहवाल महिन्यापूर्वीच्या पाण्याची साक्ष देत नाही.

दीड तास गेला. बाहेर पायरीवर वॉलमन तंबाखू मळत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, हनुमानाच्या पाराजवळ पाइप गटारातून गेलाय. उन्हाळ्यापासून गळतंय. मी तर कवाचं सांगितलंय." कुणाला सांगितलंय? मुकादमाला. मुकादम कुठे आहे? रजेवर.

दुसऱ्या दिवशी पाइप उघडला. सायकलच्या ट्यूबची चिंधी गुंडाळलेला जोड होता, वर गटाराचं काळं पाणी. जोड बदलायला दीड हजारही लागले नाहीत. भांडण साहेबांमध्ये असतं आणि माहिती पायरीवर बसलेली असते. त्यानंतर मी प्रत्येक बैठकीच्या पत्रात शेवटी एक ओळ घालत आले : 'वॉलमन व सफाई मुकादम यांनीही उपस्थित राहावे.'

५. इमारत येते आणि माणूस येत नाही

शेजारच्या एका गावात उपकेंद्र झालं. टाइल्स, डिलिव्हरी टेबल, नर्सबाईंसाठी दोन खोल्या. नारळ फुटला, फोटो निघाले, कुलूप लागलं. चार उन्हाळे तिथल्या बायकांनी त्या ओट्यावर कुरडया वाळवल्या. कुरडया छान वाळायच्या, ओटा दक्षिणेला होता.

झालं असं की इमारतीचा पैसा एका दारातून येतो आणि पदांची मंजुरी दुसऱ्या दारातून. इमारत जिल्हा नियोजन समितीतून बसवता येते. नर्स, आरोग्यसेवक यांची पदं निर्माण व्हायला वित्त विभागापर्यंत फाईल चढावी लागते. कागदावर निकष स्वच्छ आहेत : सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी, आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. पण निकषाने मंजूर झालेलं केंद्र आणि पगार घेणारी नर्स यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं.

उद्घाटनाला बोलावणं आलं की मी एकच विचारायचे, "पदनिर्मितीचा आदेश निघाला का?" एका सभापतींनी मला त्यासाठी व्यासपीठावरून 'अपशकुनी बाई' म्हटलं. गर्दी हसली. मीही हसले. कुलूप त्यांच्याच गावाला लागलं.

६. तोंडी दान सातबाऱ्यावर चढवून घ्या

लहान गोष्ट आहे, पण यात पंधरा वर्षं गेली. जुन्या काळी एका घराने दवाखान्याला वीस गुंठे दिले. शब्द दिला, कागद केला नाही. आजोबा गेले, गावच्या जमिनीला भाव आला, नातवांनी सातबारा दाखवला. नाव त्यांचंच होतं. त्यांना लबाड म्हणणं सोपं होतं, पण चूक आमची होती. दवाखान्याचा विस्तार मंजूर होऊन पैसा परत गेला, कारण बांधकाम विभागाला जागा जिल्हा परिषदेच्या नावावर लागते. पुढे मोजणी, बक्षीसपत्र, फेरफार असं सगळं झालं, तेव्हा मंजुरीची मुदत संपलेली होती. दान घेताना हार घाला, आणि त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जा.

७. एकहाती सत्तेने काम होतं, बिल मागे उरतं

२०२० च्या कोविडात आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आणि साथरोग कायदा, १८९७ यांखाली कलेक्टरांच्या हाती सगळं आलं. एका रात्रीत शाळेचं विलगीकरण केंद्र झालं. शाळा जिल्हा परिषदेची, पाणी नगरपंचायतीचं, डॉक्टर ग्रामीण रुग्णालयाचे, जेवण तहसीलचं. कुणी कुणाला हद्द विचारली नाही. आमचे ड्रायव्हर दगड ओलांडून गेले, कारण प्रत्येकाच्या खिशात कलेक्टरांच्या सहीचा आदेश होता.

तेव्हा मला वाटलं, आता सुटलं. काही सुटलं नव्हतं. साथ ओसरली, आदेश संपला, आणि मंडपवाला गाद्यांचं बिल घेऊन तिन्ही कचेऱ्यांत फिरू लागला. दीड वर्ष फिरला. दवाखान्यात आला की मी त्याला चहा द्यायचे, दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढच्या संकटात तो माणूस मध्यरात्री गाद्या देईल का, याचं उत्तर मला ठाऊक आहे. संकटातला आदेश काढताना शेवटच्या ओळीत 'खर्च कोणत्या लेखाशीर्षातून' हे लिहिलंच पाहिजे.

८. भांडणारे सदस्य परवडले

जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. माझ्या नोकरीभर आरोग्य समितीच्या सभेची मला धास्ती असायची. एक सदस्य लसीचा हिशेब विचारायचा, दुसरी बाई रुग्णवाहिकेचं लॉगबुक मागायची, तिसरा नुसताच ओरडायचा. नगरपंचायत झाल्यावर तर गंमत झाली. पंचायत समितीने ठराव केला की नगरपंचायतीने स्वतःची आरोग्य यंत्रणा उभी करावी. नगरपंचायतीने ठराव केला की जिल्हा परिषदेने सेवा पूर्ववत द्यावी. दोन्ही ठराव एकाच आठवड्यातले, दोन्ही एकमताने. सूचक-अनुमोदकांपैकी दोघे सख्खे साडू.

मग २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. सभा शांत झाल्या. सुरुवातीला मला हायसं वाटलं. निवृत्तीआधीच्या त्या थोड्या महिन्यांतही फरक जाणवला आणि नंतर मैत्रिणींकडून ऐकत राहिले : वाडीवरची नर्स तीन महिने नाही, हे सभेत ओरडून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. अर्ज येत, आवक नंबर पडे, फाईल लागे. आरडाओरडा थांबला म्हणजे दुखणं बरं झालं असं नसतं. पेशंट ओरडायचा थांबला की नर्स आधी नाडी बघते, तसंच हे.

ओरडणाऱ्या सदस्याला माहिती द्या. चिडून नव्हे, आकडे लिहून द्या. ज्याला मी त्रास समजत होते, त्या तिसऱ्या सदस्याच्या ओरडण्यामुळेच आमच्या केंद्राला दुसरी रुग्णवाहिका मिळाली.

९. 'का' विचारू नका. 'कोण' आणि 'कोणत्या तारखेपर्यंत' विचारा

लोकांचे अर्ज मी पोत्याने वाचलेत. 'आमच्या वॉर्डात आरोग्याची दुरवस्था का?' असा अर्ज आला की त्याला 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' एवढं लिहून पुढे ढकलता येतं. पण एका निवृत्त मास्तरांनी माहिती अधिकारात दोन ओळी विचारल्या : वॉर्ड क्रमांक ११ मध्ये मागचं लसीकरण सत्र कोणत्या तारखेला झालं? पुढचं घेण्याची जबाबदारी कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्यावर आहे? त्या दोन ओळींनी तीन कचेऱ्या हलल्या, कारण खरं उत्तर होतं 'झालं नाही' आणि 'कुणावरच नाही', आणि ते सही करून द्यावं लागणार होतं.

त्याच वेळी मी माहितीचा अधिकार कायदा, २००५ नीट वाचला. त्यात एक सुंदर तरतूद आहे, कलम ६(३). तुमचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्या कार्यालयाने 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून परत पाठवायचा नाही. जास्तीत जास्त पाच दिवसांत स्वतःहून योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मिरचीपूड भरलेल्या पोटरीचं पोर आठवलं. कागदाला आपण जो मान दिला, तो त्या पोराला द्यायला कुठल्या कायद्याची गरज होती?

१०. 'पुढील आदेशापर्यंत' या शब्दांची ताकद ओळखा

वॉर्ड क्रमांक ११ म्हणजे वडार वस्ती. अर्धी वस्ती जुन्या गावठाणात, अर्धी ओढ्यापलीकडे. नगरपंचायत झाल्यावर आठ महिने तिथे लसीकरण झालं नव्हतं. आमच्या नर्सला तोंडी सांगितलं होतं, शहरात जाऊ नका, पुढे प्रश्न येईल. नगरपंचायतीकडे नर्स नव्हतीच. एका आईने पत्र्याच्या पेटीतून बाळाचं कार्ड काढून दाखवलं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या चौकटींत तारखा होत्या. नऊ महिन्यांची गोवरची चौकट कोरी. बाळ तेरा महिन्यांचं. ती म्हणाली, "बाई, तुमी येणार म्हणून मी त्या दिसाला कामाला जात नव्हते. दोनदा खाडा झाला." कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पाडता ठेवलं होतं. तिच्याकडची बाजू तिने चोख सांभाळली होती.

त्या रात्री मी जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा उघडला. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं, तेव्हाच त्यात म्हटलं होतं की हे अभियान ५०,००० हून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी, आणि जिल्ह्याचं ठिकाण असेल तर ३०,००० हून अधिक. त्याहून लहान गावं ग्रामीण अभियानातूनच सांभाळायची. आमचं गाव अठरा हजारांचं. म्हणजे ज्या प्रश्नावर दोन ठराव आणि चाळीस पत्रं झाली, त्याचं उत्तर आधीच छापलेलं होतं. दोन्ही बाजूंनी कायद्याचा हवाला दिला होता, वाचला कुणीच नव्हता. त्यात मीही आले. आठ महिने मीही फक्त पत्रं पुढे पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मसुदा केला. नगरपंचायत हद्दीतील सर्व वॉर्डांत लसीकरण व गृहभेटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी कराव्यात. सत्रासाठी जागा, पाणी व दवंडी नगरपंचायतीने द्यावी. वाहनाचा प्रवास हद्दीतील समजावा. ही व्यवस्था पुढील आदेशापर्यंत राहील. तिसरी ओळ ड्रायव्हरसाठी होती, चौथी साहेबांसाठी. कायमचं काही म्हटलं की अधिकारी बिचकतो. त्याला वाटतं, आपण हक्क सोडून देतोय. 'पुढील आदेशापर्यंत' म्हटलं की पेनाचं टोपण निघतं. तालुका आरोग्य अधिकारी आणि मुख्याधिकारी यांनी एकाच टेबलावर, एकाच कागदावर सह्या केल्या. त्याला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

त्या बाळाला पुढच्या गुरुवारी लस मिळाली. आईने कार्ड पुढे केलं, मी कोऱ्या चौकटीत तारीख लिहिली. तिने शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ठेवलं आणि मग पिशवीत घातलं.

त्या आदेशाची झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे. अधूनमधून सध्याच्या नर्सला फोन करून विचारते, "पुढचा आदेश आला का गं?"

ती म्हणते, "नाही बाई, अजून नाही."

"बरं झालं," म्हणते मी. "गुरुवारी वडार वस्तीत जाऊन ये."